मासिक पाळीपूर्वीचा त्रास : ओळख आणि उपाय

महोत्सवी स्मरणिकेत संस्थेच्या कार्याचा अहवाल, देणगीदारांची यादी आणि गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे यांच्या जोडीला आरोग्यावर एखादा लेख असावा, अशी आपल्याकडे प्रथा आहे. या प्रथेनुसार मधुमेह, रक्तदाब, मुलांचे दात यांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. घरातील निम्म्या माणसांना आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे दर महिन्यास ज्यातून जावे लागते, त्या विषयावर मात्र चार ओळीही सहसा सापडत नाहीत. विषय संकोचाचा आहे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु शरीराविषयी मराठीत स्पष्ट लिहिण्याची परंपरा नवी नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ ते १९५३ इतकी वर्षे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यासाठीच चालविले. इंदुरात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांनीही आता हा संकोच थोडा बाजूस ठेवावा, अशी आमची विनंती आहे. हा लेख भगिनींसाठी आहेच. पण त्यांचे यजमान, मुलगे आणि सासूबाई यांनीही तो वाचावा.

त्रास कोणता?

पाळीच्या दिवसांत ओटीपोटात येणाऱ्या कळा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. येथे आम्ही त्यांविषयी बोलत नसून पाळी येण्यापूर्वीच्या आठ-दहा दिवसांविषयी बोलत आहोत. या दिवसांत कित्येक स्त्रियांचे पोट फुगते, छाती जड होऊन दुखते, पाय सुजल्यासारखे वाटतात, डोके दुखते, गोड किंवा चमचमीत खावेसे वाटते, झोप बिघडते. याबरोबर मनही बदलते. क्षुल्लक कारणावरून चिडचिड होते, डोळ्यांस पाणी येते, कामात लक्ष लागत नाही, आपल्या हातून काहीच नीट होत नाही असे वाटू लागते. मग पाळी सुरू होते आणि एक-दोन दिवसांत मळभ दूर व्हावे तसे सारे निवळते. पुढले पंधरा दिवस तीच बाई हसतमुखाने वावरते. घरच्यांना वाटते, ‘हिचा स्वभावच लहरी.’ तिलाही हळूहळू तसेच वाटू लागते.

या लक्षणसमूहास डॉक्टर लोक पी. एम. एस. म्हणतात. मराठीत आपण त्यास ‘पाळीपूर्व त्रास’ म्हणू. पाळी येणाऱ्या बहुतेक स्त्रियांना यातील एखादे-दुसरे लक्षण कधी ना कधी जाणवतेच, आणि तेवढ्यावरून त्यास रोग म्हणण्याचे कारण नाही. लक्षणे दर महिन्यास येऊन घरकामात, नोकरीत वा नात्यागोत्यांत अडथळा आणू लागली, म्हणजे मात्र त्यांची दखल घेतली पाहिजे. याहून पुढची एक पायरी आहे. शंभर स्त्रियांत सुमारे तीन ते आठ जणींस याच दिवसांत घोर उदासी, अनावर संताप किंवा जीव नकोसा होणे इतका तीव्र मानसिक त्रास होतो. त्यास पी. एम. डी. डी. असे निराळे नाव आहे. अमेरिकेच्या मनोविकार-सूचीत २०१३ साली त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीच्या अकराव्या आवृत्तीतही तो समाविष्ट असून ती आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे. तेव्हा ‘हे सारे मनाचे खेळ’ असे म्हणण्यास आता वैद्यकशास्त्रात आधार उरलेला नाही.

पूर्वी का नव्हते?

‘आमच्या वेळी असले काही नव्हते,’ असे वडीलधाऱ्या बायका म्हणतात. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही; पण त्याचे कारण समजून घ्यावयास हवे. हा त्रास स्त्रीबीज बाहेर पडणाऱ्या ऋतुचक्रातच होतो. गरोदरपणी तो नसतो, आणि मूल अंगावर पीत असता पाळी थांबलेली असते तेव्हाही नसतो. ज्या आजीला सात-आठ बाळंतपणे झाली व प्रत्येक मूल दोन-दोन वर्षे अंगावर प्यायले, तिच्या वाट्यास एकंदर पाळ्याच थोड्या आल्या. आजच्या एक-दोन मुलांच्या आईस आयुष्यात सुमारे चारशे पाळ्या येतात. शिवाय पूर्वीच्या बायकांना त्रास झाला तरी तो सांगायचा कोणाला? पाळी आल्यावर बाजूला बसविण्याची चाल होती. त्या चालीतील अपमानाचे समर्थन आम्ही करीत नाही; पण त्या तीन-चार दिवसांत हाताला थोडी विश्रांती तरी मिळे. त्याआधीच्या आठवड्यात मात्र ‘पुढे अडचण येईल’ म्हणून दळणकांडणापासून सणाच्या तयारीपर्यंत सारी कामे उरकून घेण्याची घाई असे. म्हणजे देह जेव्हा सर्वांत थकलेला, तेव्हाच कामाचा बोजा सर्वांत अधिक!

या त्रासाचे वर्णन १९३१ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर रॉबर्ट फ्रँक यांनी वैद्यकीय नियतकालिकात केले. त्यानंतर १९५३ साली इंग्लंडच्या डॉक्टर कॅथरिना डाल्टन यांनी रेमंड ग्रीन यांच्यासमवेत निबंध लिहून या लक्षणसमूहास आजचे नाव रूढ केले. पाळीपूर्वी नेमाने उठणारी आपली अर्धशिशी गरोदरपणात नाहीशी झाली, हे डाल्टनबाईंच्या ध्यानात आले होते आणि तेथूनच त्यांचा शोध सुरू झाला. प्रोजेस्टेरॉन दिल्याने हा त्रास बरा होतो, हे त्यांचे मत मात्र पुढील काटेकोर चाचण्यांत टिकले नाही.

कारण काय?

पाळीचे चक्र साधारणपणे २८ दिवसांचे धरतात. २१ ते ३५ दिवसांपर्यंतचे चक्र प्रौढ स्त्रीत स्वाभाविकच समजावे. पुढील पाळीच्या सुमारे १४ दिवस आधी अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडते. ते जेथून सुटले तेथे एक लहानसा पिवळसर पिंड तयार होतो आणि तो प्रोजेस्टेरॉन नावाचा रस रक्तात सोडू लागतो. गर्भ राहिला नाही, तर हा पिंड सुकतो, प्रोजेस्टेरॉन व इस्ट्रोजेन हे दोन्ही रस झपाट्याने उतरतात आणि पाळी येते. त्रासाचे दिवस नेमके या उत्तरार्धात पडतात.

तेव्हा ज्यांना त्रास होतो त्यांच्या रक्तात हे रस कमी वा जास्त असतील, असा तर्क कोणीही करील. पण मोजून पाहता तसे आढळत नाही. १९९८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील पीटर श्मिट व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक उद्‌बोधक प्रयोग प्रसिद्ध केला. त्रास असलेल्या स्त्रियांच्या अंडाशयांचे कार्य त्यांनी औषधाने काही काळ थांबविले, तेव्हा पुष्कळ जणींचा त्रास मावळला. मग तेच रस नेहमीच्या प्रमाणात बाहेरून दिले, तो त्यांचा त्रास परत आला. ज्यांना मुळात त्रास नव्हता, त्यांना मात्र तेच रस देऊनही काही झाले नाही. म्हणजे रसांचे प्रमाण दोघींत सारखेच असले, तरी त्यांच्या चढउताराला एकीचा मेंदू दुसरीच्या मेंदूहून अधिक संवेदनशील असतो. एकाच उन्हात एकीचे डोके उठते व दुसरीला काही होत नाही, तसेच हे आहे. मनाची स्थिरता राखणाऱ्या सेरोटोनिन नावाच्या मेंदूतील द्रव्याचा यात भाग असतो. यास्तव ‘मन घट्ट कर’ हा उपदेश अर्धशिशीच्या रोग्यास जितका उपयोगी, तितकाच येथेही समजावा.

ओळखावे कसे? भिंतीवरचे कॅलेंडर

या त्रासाची खात्री करून देणारी रक्ताची तपासणी नाही, सोनोग्राफी नाही. खात्री करावयाची ती तारखांवरून, आणि हे काम डॉक्टरांपेक्षा रोगी स्वतःच उत्तम करू शकते. आमच्या मते या संपूर्ण लेखात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट हीच आहे.

आपल्या घरोघरी ‘कालनिर्णय’ टांगलेले असते आणि त्यातील चौकोनांत दुधाचा हिशेब लिहिण्याची सवय सर्वांनाच आहे. त्याच पद्धतीने एका लहान वहीत रोज रात्री निजण्यापूर्वी एक ओळ लिहावी. तारीख घालावी. आपल्याला सर्वांत अधिक छळणारी तीन-चार लक्षणे निवडून प्रत्येकापुढे आकडा मांडावा : काही नाही तर ०, थोडे जाणवले तर १, बरेच जाणवले तर २, आणि कामात अडथळा आला तर ३. उदाहरणार्थ, ‘चिडचिड ३, छातीत दुखणे २, झोप १.’ पाळी सुरू झाली त्या तारखेस फुली करावी. त्या दिवशी घरात काही विशेष घडले असल्यास तेही दोन शब्दांत टिपावे. असे सलग दोन पाळ्यांपर्यंत करावे. मागाहून आठवून लिहू नये, कारण आठवणीत वाईट दिवस पसरतात आणि बरे दिवस पुसले जातात.

दोन महिन्यांनी वही उघडली म्हणजे चित्र आपोआप दिसते. आकडे फुलीच्या आधी चढत असतील, पाळी सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत उतरत असतील आणि त्यानंतर निदान एक आठवडा स्वच्छ जात असेल, तर हा पाळीपूर्व त्रास होय. आकडे महिनाभर सारखेच चढलेले असतील, तर कारण दुसरे आहे : उदासीनतेचा विकार, थायरॉइडचा दोष, रक्तक्षय, किंवा घरातील एखादे खरेखुरे दुःख. रक्तक्षय आपल्याकडे किती पसरला आहे याची कल्पना यावी म्हणून सांगतो, की २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत तो आढळला. तिसरा प्रकारही असतो. आकडे महिनाभर असतात, पण पाळीपूर्वी अधिक चढतात. अर्धशिशी, दमा, फेफरे व उदासीनता हे विकार कित्येक जणींत या दिवसांत बळावतात. तेथे उपचार मूळ विकारावर करावयाचा असतो.

ही वही घेऊन गेलेल्या बाईचे म्हणणे डॉक्टरही निराळ्या गांभीर्याने ऐकतात. ‘मला बरे वाटत नाही’ या वाक्यास दोन मिनिटे मिळतात, साठ दिवसांच्या नोंदीस पंधरा मिनिटे मिळतात.

घरच्या घरी काय करावे?

पहिला उपाय चालण्याचा. आठवड्यातील बहुतेक दिवस अर्धा तास झपझप चालावे. भाजी आणताना जागोजागी थांबत होते ते चालणे यात धरू नये. दुसरा उपाय झोपेचा. सर्वांच्या मागून निजणे आणि सर्वांच्या आधी उठणे, हा गृहिणीचा नेम निदान त्या आठवड्यात तरी मोडावा.

आहारात चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा, विचार प्रथम करावा. १९९८ साली अमेरिकेत ४६६ स्त्रियांवर चाचणी झाली. काहींना रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिले, काहींना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. तिसऱ्या पाळीपर्यंत पहिल्या गटाची लक्षणे ४८ टक्क्यांनी कमी झाली, दुसऱ्या गटाची ३० टक्क्यांनी. यातून दोन धडे मिळतात. कॅल्शियमने गुण येतो हा पहिला. औषध नसलेल्या गोळीनेही तीस टक्के बरे वाटते हा दुसरा. म्हणून शेजारणीला गुण आला एवढ्यावरून किंवा जाहिरातीवरून कोणतीही महागडी बाटली विकत घेऊ नये.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीस रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. दोन पेले दूध, एक वाटी दही आणि एक नाचणीची भाकरी मिळून त्याच्या जवळपास पोहोचता येते. तिळाची चटणी असल्यास उत्तमच. अडचण इतकीच, की घरात दूध मुलांना आणि यजमानांना वाटून झाल्यावर उरले तर बाईच्या चहात पडते. हा क्रम बदलावा. गोळ्या घ्यावयाच्या झाल्यास डॉक्टरांना विचारून घ्याव्या. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी तर विचारल्यावाचून घेऊच नये. लोहाच्या गोळीबरोबर एकाच वेळी कॅल्शियम घेऊ नये, त्याने लोह अंगी लागत नाही.

पोट फुगणे व सूज यांसाठी मीठ कमी करून पाहावे. इंदूरकरांना हे सांगणे म्हणजे जरा धारिष्ट्यच! पोह्यांवर शेव, चहाबरोबर शेव, जेवणातही शेव, अशी आपली रीत. त्या आठ दिवसांपुरती तरी नमकीनची बरणी वरच्या फळीवर ठेवावी. उपासतापासही त्या दिवसांत टाळावे आणि थोडे थोडे पण वेळेवर खावे.

बी-६ जीवनसत्त्वाने काहींना बरे वाटते, पण त्याचा पुरावा कच्चा आहे. ते मोठ्या मात्रेत पुष्कळ दिवस घेतल्यास हातापायांच्या नसांना इजा होते. म्हणून आपल्या मनाने घेऊ नये. युरोपातील ‘व्हायटेक्स ॲग्नस-कास्टस’ या वनस्पतीच्या अर्काने काही चाचण्यांत गुण दिसला आहे. आपली निर्गुंडी तिच्याच कुळातली असली, तरी ती वनस्पती निराळी. एकीच्या गुणावर दुसरीचा काढा पिऊ नये.

सणासाठी पाळी पुढे ढकलणे

येथे एक इशारा दिल्यावाचून राहवत नाही. गणपती, महालक्ष्म्या, घरातली मुंज वा लग्न जवळ आले, म्हणजे पाळी लांबविण्याच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून परभारे आणल्या जातात. कित्येकदा घरातील मोठी बाईच त्या आणून सुनेच्या हातावर ठेवते. या गोळ्या प्रोजेस्टेरॉनच्या जातीच्या असतात. ज्यांना मुळात पाळीपूर्व त्रास आहे, त्यांपैकी काहींचे पोट फुगणे, चिडचिड व उदासी यांनी वाढते, आणि ऐन सणात घरात कटकटी होतात. याहून गंभीर गोष्ट अशी, की ज्यांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, त्यांच्या बाबतीत हा धोका या गोळ्यांनी वाढू शकतो. पूर्वी गुठळी झालेली असणे, घराण्यात तो विकार असणे, स्थूलपणा, धूम्रपान, या गोष्टी डॉक्टरांना कळल्याच पाहिजेत. डॉक्टरांस न विचारता या गोळ्या कोणीही घेऊ नयेत, आणि सुनेवर वा मुलीवर त्यांची सक्ती तर कदापि करू नये. देवीच्या पूजेसाठी घरच्या लक्ष्मीचा जीव धोक्यात घालावा, असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

दोन-तीन महिने हे उपाय करूनही काम अडत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे वही घेऊन जावे. मानसिक लक्षणे प्रबळ असल्यास सेरोटोनिनवर कार्य करणारी औषधे दिली जातात. ही मुळात उदासीनतेवरील औषधे. परंतु तेथे गुण येण्यास कित्येक आठवडे लागतात, तर या त्रासात तो काही दिवसांतच दिसू लागतो. म्हणून काही जणींना ती केवळ चक्राच्या उत्तरार्धापुरती देता येतात. ‘वेड्यांची औषधे’ म्हणून त्यांस भिऊ नये. तद्वतच ती डॉक्टरांवाचून सुरूही करू नयेत व बंदही करू नयेत. काही विशिष्ट प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही गुण येतो. मात्र उच्च रक्तदाब, धूम्रपान, किंवा डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येऊन उठणारी अर्धशिशी असलेल्यांना त्या चालत नाहीत. विचारांना व वागण्याला पद्धतशीर वळण लावणारा मानसोपचारही उपयोगी ठरला आहे.

आणि एक गोष्ट घरातील प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. पी. एम. डी. डी. असलेल्या स्त्रियांत आत्महत्येचे विचार व प्रयत्न इतरांपेक्षा अधिक आढळतात. कोणी ‘मला जगावेसे वाटत नाही’ म्हणाली, तर ‘पाळी आली की जाईल’ असे म्हणून सोडून देऊ नये. तिला एकटी ठेवू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा दूरध्वनी क्रमांक १४४१६ असा आहे. तेथे विनामूल्य बोलता येते.

घरच्यांचे कर्तव्य

औषधापेक्षा घरच्या माणसांच्या वागण्याने पुष्कळदा अधिक आराम पडतो. बाई रागावली की ‘आता तारीख जवळ आली वाटते’ असे म्हणून हसणारे यजमान आम्हांस ठाऊक आहेत. यासारखे दुखविणारे दुसरे वाक्य नाही. त्या दिवसांत रागाचा स्वर चढलेला असेल; पण रागाचे कारण बहुधा खरेच असते. वीस दिवस जे तिने गिळले, ते एकविसाव्या दिवशी गिळवत नाही, इतकाच फरक. तेव्हा भांडण त्या दिवशी वाढवू नये हे खरे, पण पाळी झाल्यावर शांतपणे बसून त्या तक्रारीचा निकाल लावावा. ‘झाले ते पाळीमुळे’ म्हणून तिची तक्रार केराच्या टोपलीत टाकू नये.

भगिनींनीही वहीचा असाच उपयोग करावा. अवघड दिवस आधी कळले, तर मोठे निर्णय, पाहुण्यांचा राबता आणि फराळाचा घाट शक्य तेवढा पुढेमागे करता येतो. यजमानांना किंवा सासूबाईंना स्वस्थ वेळी, त्रास नसताना, ही वही दाखवावी. वयात आलेल्या मुलीला तर आईनेच ती लिहावयास शिकवावे. परीक्षेच्या आठवड्यात मुलगी रडू लागली, तर तिच्या अभ्यासावर ताशेरे झोडण्यापूर्वी आईने एकदा तारीख पाहावी. चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांत पाळी जाण्यापूर्वीची काही वर्षे हा त्रास पुष्कळदा वाढतो. त्यांना ‘आता या वयात काय?’ असे विचारू नये. पाळी कायमची थांबली, की हा त्रासही थांबतो, एवढा दिलासा त्यांस द्यावा.

महोत्सवाच्या निमित्ताने आमची विश्वस्त मंडळास एक लहानशी सूचना आहे. हळदीकुंकवास दरवर्षी स्टीलची वाटी वा प्लास्टिकची डबी वाटली जाते. यंदा त्याऐवजी एक लहान वही आणि पेन्सिल द्यावी, आणि पहिल्या पानावर वर सांगितलेली नोंदीची रीत छापावी. खर्च वाटीहून अधिक येणार नाही. त्यातील दहा वह्या जरी दोन महिने भरल्या गेल्या, तरी दहा घरांत स्वभावावर फुटणारे खापर योग्य जागी जाईल आणि उपचाराची वाट मोकळी होईल.